पाच शब्दांची ओळ कोणाची?

एका विनोदी मासिकाच्या वाचक-स्पर्धेचं हे प्रकरण आहे. मासिकाचं आणि माणसांचं नाव कुठेही घेतलेलं नाही, गावं ढोबळ ठेवली आहेत आणि चित्रातला एखादा बारकावा बदलला आहे. हे लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यातली पहिली चूक माझ्या टेबलावर झाली आणि ती चूक होती हे कळायला मला फार उशीर लागला.

पार्श्वभूमी

काळ १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा. महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातून निघणाऱ्या विनोदी मासिकात मी उपसंपादक होते. कार्यालय म्हणजे वाड्यातल्या दोन खोल्या. संपादकांना सगळे अण्णा म्हणत. वर्गणी आणि जाहिराती एक काका बघत, टपाल आणि गठ्ठे एक शिपाई सांभाळत. चित्रकार बाहेरचे. महिन्यातून दोनदा बोर्डाची गुंडाळी काखेत घेऊन यायचे आणि चहा झाल्याशिवाय ती उलगडायचे नाहीत.

वर्षभराचा खर्च दिवाळी अंकावर निघायचा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घराला फराळाबरोबर अंक लागतो. १९५१ मध्ये मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ सुरू केला आणि त्या फराळात विनोदाचं ताट वेगळं मांडलं जाऊ लागलं. ‘आवाज’च्या खिडकी चित्रांनी वाचकाला एक सवय लावली. चित्राकडे नुसतं बघत बसायचं नाही, कापलेली खिडकी उघडून आत काय आहे ते शोधायचं. अण्णांचं म्हणणं असं, की चित्राखालची ओळ वाचकाकडून लिहून घेणं ही त्याच्या पुढची पायरी आहे. खिडकीही त्यानेच उघडायची आणि आत काय दिसलं तेही त्यानेच सांगायचं.

अशी स्पर्धा आम्ही शोधून काढलेली नव्हती. अमेरिकेतलं जुनं विनोदी साप्ताहिक ‘लाइफ’ विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत चित्र छापून वाचकांकडून त्याचं शीर्षक मागवायचं आणि रोख बक्षीस द्यायचं. छायाचित्रांसाठी पुढे गाजलेलं ‘लाइफ’ ते हे नव्हे. ते नाव १९३६ मध्ये विकत घेतलं गेलं. अण्णांकडे लंडनच्या ‘पंच’चे काही बांधीव खंड होते. १८४१ साली सुरू झालेल्या त्या साप्ताहिकातल्या जुन्या चित्रांखाली चार-चार ओळींचे संवाद असत. कोण बोलतंय, कुठे बोलतंय, कोणत्या सुरात, सगळं कंसांसकट. चित्राखाली एकच ओळ आणि तीही चित्रातल्या एकाच माणसाच्या तोंडी, ही पद्धत १९२५ नंतर अमेरिकेतल्या ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाने रुळवली. आपल्याकडे शि. द. फडणीसांनी त्याच्याही पुढे जाऊन शब्दच काढून टाकले. त्यांच्या चित्राला ओळीची गरजच पडत नाही.

स्पर्धेचं चित्र या सगळ्यांहून वेगळं असावं लागतं. ते मुद्दाम अर्धं ठेवायचं असतं. फार बोललं तर वाचकाला काम उरत नाही, काहीच बोललं नाही तर त्याला धागा सापडत नाही. आमच्या चित्रकारांनी हे फार चांगलं साधलं होतं, म्हणून त्या चित्राबद्दल सविस्तर सांगते.

चित्र

जुन्या घराची बाहेरची खोली. छप्पर सात-आठ ठिकाणी गळतंय. जमिनीवर पातेली, तपेली, बादली, घमेलं, एक अडकित्त्याचा डबासुद्धा. प्रत्येकात एकेक धार पडते आहे. यजमान आरामखुर्चीत छत्री धरून वर्तमानपत्र वाचताहेत, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नाही. मांजर कपाटावर चढून बसलं आहे. दारात पाहुणा एका पायात चप्पल सरकवतो आहे आणि त्याने छत्री घरातच उघडली आहे. दाराबाहेर पावसाच्या तिरप्या रेघा आहेत, पण विरळ. खोलीच्या मध्ये गृहिणी उभी. एका हातात चहाचा कप, त्यावर पदर धरलेला. दुसरा हात पाहुण्याच्या दिशेने पुढे केलेला.

चित्र दिवाळी अंकात पानभर छापलं. खाली कूपन आणि चार नियम: कूपन पोस्टकार्डावर चिकटवावे, एका कार्डावर एकच ओळ लिहावी, कार्ड डिसेंबरअखेर पोचावे, संपादकांचा निर्णय अंतिम राहील. पहिलं बक्षीस एकशे एक रुपये आणि वर्षभराचा अंक, शिवाय दोन उत्तेजनार्थ.

शब्दांची मर्यादा आम्ही घातली नव्हती. आलेल्या ओळीत संपादक बदल करू शकतात की नाही, याबद्दलही अवाक्षर नव्हतं. मासिकात येणाऱ्या प्रत्येक लेखावर अण्णांची लेखणी फिरायची, तशी ती इथेही फिरेल हे आम्ही गृहीत धरलं होतं. इतकं गृहीत, की ते लिहायला हवं असं कोणाच्या मनातच आलं नाही.

कार्डांची निवड

तेव्हा साधं पोस्टकार्ड १५ पैशांना मिळायचं. दूरदर्शनवरच्या ‘सुरभि’ला कार्डांचे ढीग जाऊ लागल्यावर टपाल खात्याने स्पर्धांसाठी २ रुपयांचं वेगळं कार्ड काढलं. आमची स्पर्धा त्याआधीची, त्यामुळे भाग घेणं स्वस्त होतं. बुटांची चार खोकी भरली. शाळेतल्या मुलांपासून निवृत्त मामलेदारांपर्यंत सगळ्यांची अक्षरं त्यात होती.

पहिली चाळणी माझ्याकडे. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की लोकांना सुचलेल्या कल्पना मोजक्याच आहेत. बऱ्याच जणांना घरमालक आठवला होता. बऱ्याच जणांनी नगरपालिकेच्या पाण्यावर नेम धरला होता: नळाला नाही, पण छताला भरपूर. काहींनी मांजराच्या तोंडी ओळ दिली होती. आणि एक मोठा गट असा, ज्यांना चित्रातली मुख्य विसंगती बरोबर दिसली होती. घरात धो धो गळत असताना यजमान पाहुण्याला बाहेरच्या पावसाची भीती घालून थांबवताहेत.

मी कल्पनेप्रमाणे गठ्ठे केले, सुतळी बांधली, आणि प्रत्येक गठ्ठ्यातलं एकेक कार्ड वर काढलं. निकष काय लावला? अक्षर स्वच्छ हवं आणि कल्पना पूर्ण मांडलेली हवी. शेवटच्या गठ्ठ्यातून कोकणातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं कार्ड वर आलं. ओळ अशी होती:

“अहो भाऊजी, एवढ्या घाईने कुठे निघालात, बाहेर किती पाऊस कोसळतोय बघा तरी, आमच्या घरात बसा निवांत, पाऊस थांबला की जा सावकाश.”

परीक्षकांपुढे गठ्ठे गेलेच नाहीत, वरची कार्डं तेवढी गेली. माझ्या हिशोबी बाकीची कार्डं म्हणजे त्याच ओळीच्या आवृत्त्या होत्या. प्रकरणातला पहिला निर्णय हा, आणि निर्णय म्हणून तो कोणी घेतलाच नाही. कामाच्या ओघात होऊन गेला.

परीक्षक तिघं: अण्णा, चित्रकार आणि एक बाहेरचे विनोदी लेखक. बाईंच्या ओळीवर तिघांचं एकमत झालं.

फर्म्याची रात्र

निकाल फेब्रुवारीच्या अंकात द्यायचा होता. शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, छपाईला जायचा, त्या रात्री चित्र एका कॉलमात बसवलं तर एकवीस शब्दांची ओळ चित्राखाली तीन ओळी खाऊ लागली. अण्णांनी बटर पेपरवरचा मजकूर बघितला, लाल लेखणी घेतली आणि एका दमात पुढून-मागून छाटत गेले. उरलं ते असं:

“थांबा ना, बाहेर पाऊस आहे!”

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा, अगदी मनापासून. एकवीस शब्दांत जे पसरलं होतं ते पाच शब्दांत टोकाला आलं होतं. बाईंना विचारावं असं कोणालाच वाटलं नाही. त्यांच्याकडे फोन नव्हता, पत्र जाऊन उत्तर यायला आठवडा लागला असता. पण तार करता आली असती, किंवा चित्र दोन कॉलमांत घेता आलं असतं. हे दोन्ही उपाय त्या खोलीत हाताशी होते. आम्हाला ते सुचले नाहीत, कारण आपण कोणाचं काही घेतो आहोत असं वाटतच नव्हतं. उलट एका चांगल्या ओळीचं आपण भलं केलं, अशी भावना होती.

पाच शब्दांची ओळ बाईंच्या नावाने छापली गेली.

अडचण

अंक पोचल्यानंतरच्या आठवड्यात दोन पत्रं आली.

पहिलं सोलापूर जिल्ह्यातल्या एका गृहस्थांचं. सहकारी बँकेत कारकून. पत्रात राग नव्हता, गोंधळ होता. अंकात छापलेली ओळ त्यांनी शब्दाला शब्द तशीच पाठवली होती. घरी सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं. आता ओळ छापून आली आणि नाव दुसऱ्याचं. बायको-मुलं विचारताहेत, हे कसं झालं. आपण खोटं बोललो नाही एवढं तरी आम्ही कळवावं, अशी त्यांची विनंती होती.

दुसरं पत्र बाईंचं. मनीऑर्डर मिळाली, आभार. मात्र खाली छापलेली ओळ माझी नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. शाळेत मुलांनी अंक बघितला, सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याचा सदरा घालून फिरल्यासारखं वाटलं. पुढे त्यांनी एक मुद्दा मांडला होता. त्यांच्या ओळीत बोलते ती वहिनी. ‘भाऊजी’ म्हणून, चार वेळा आडवं येऊन, ‘निवांत’ आणि ‘सावकाश’ असे शब्द वापरून ती आग्रह करते. घर गळतंय याची तिला लाज नाही, सवय आहे. त्या लांबलचक आग्रहातच गंमत होती. छापलेल्या ओळीत कोण बोलतंय हेच कळत नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं खुर्चीतला यजमान बोलतोय.

ते पत्र मी तीन-चारदा वाचलं. त्या खोलीत मी एकटी बाई होते, आणि चित्रात पदराखाली चहा झाकून उभी असलेली बाई मला दिसली नव्हती.

मी आणि शिपाई माळ्यावर चढलो. निकाल लागला की कार्डं रद्दीत द्यायची, हा रिवाज. त्या महिन्यात रद्दीवाला आला नव्हता म्हणून खोकी जागेवर होती. सुतळी सोडली आणि गठ्ठ्यात मधोमध कारकुनांचं कार्ड सापडलं. तेच पाच शब्द, उद्गारचिन्हासकट. टपालाचा शिक्का बाईंच्या कार्डाआधीचा. मी ते वर काढलं नव्हतं, कारण पहिल्या नजरेला ते अपुरं वाटलं होतं. कोणीतरी घाईत खरडलेलं.

म्हणजे आम्ही एका स्पर्धकाची ओळ बाजूला टाकली, दुसऱ्या स्पर्धकाची ओळ छाटून नेमकी तीच बनवली, आणि ती छाटलेली ओळ बघून टाळ्या वाजवल्या.

विचारात घेतलेले पर्याय

काकांचं मत सरळ होतं. नियमात लिहिलं आहे, संपादकांचा निर्णय अंतिम. दोघांना साधं उत्तर पाठवा आणि विषय मिटवा. छोट्या मासिकाला खुलासे परवडत नाहीत, वाचकांचा विश्वास जातो. त्यांची भीती खोटी नव्हती. वर्गणीदारांवरच आमचा संसार चालायचा.

दुसरा मार्ग बक्षीस कारकुनांना देण्याचा. छापलेली ओळ त्यांची होती, कार्डही आधी आलं होतं. पण परीक्षकांनी निवडली ती ओळ त्यांची नव्हती. परीक्षकांनी त्यांचं कार्ड पाहिलंच नव्हतं. शिवाय बाईंनी काय चूक केली म्हणून बक्षीस काढून घ्यायचं?

तिसरा, बक्षीस निम्मं-निम्मं. अण्णांना तो पटेना. निम्मं दिलं तर दोघांनाही वाटेल की दुसऱ्यामुळे आपलं कमी झालं.

चौथा, स्पर्धाच रद्द. त्यावर फार बोलणं झालं नाही.

अण्णा दोन दिवस ‘पंच’चे खंड काढून बसले होते. तिथे त्यांना या गोष्टीची मुळं दिसत होती. ‘पंच’चे थोर चित्रकार चार्ल्स कीन यांना न्यूकॅसलचे त्यांचे मित्र जोसेफ क्रॉहॉल वर्षानुवर्षं विनोद पुरवत. क्रॉहॉलांच्या वह्यांमधले कितीतरी प्रसंग कीन यांच्या चित्रांतून छापले गेले, आणि वाचकांना सही दिसायची ती कीन यांची. ‘न्यू यॉर्कर’मध्ये १९२८ साली कार्ल रोज यांचं एक चित्र आलं. जेवणाच्या टेबलावर आई मुलीला ब्रोकोली भरवू बघते आणि मुलगी हट्टाने तो पालकच आहे म्हणते. ती ओळ ई. बी. व्हाइट यांची. इतकी गाजली की इंग्रजीत म्हणीसारखी रुळली. चित्रावर नाव मात्र रोज यांचं. ओळीचा मालक बिननावाचा राहणं हा या धंद्यातला जुना रिवाज आहे, असं अण्णा म्हणाले. पण क्रॉहॉल आणि व्हाइट यांना ते ठाऊक होतं आणि मान्य होतं. आमच्या दोन वाचकांना आम्ही विचारलेलं नव्हतं. स्पर्धेत तर नाव छापून येणं हेच खरं बक्षीस असतं. एकशे एक रुपयांसाठी कोणी चार दिवस एका चित्राकडे बघत बसत नाही.

ओळखीच्या एका वकिलांनाही विचारलं. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातलं कलम ५७ लेखकाला दोन हक्क देतं, ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा, आणि तिची मोडतोड होऊन आपल्या नावलौकिकाला बाधा येत असेल तर हरकत घेण्याचा. एका ओळीला कायदा ‘कृती’ मानेल का, यावर ते साशंक होते. एवढ्या छोट्या वाक्याला न्यायालयं सहसा संरक्षण देत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे कायद्याच्या बाजूने आम्ही बहुतेक सुरक्षित होतो. ते ऐकून काकांना हायसं वाटलं. अण्णांनी त्यानंतर कायद्याचा विषय काढला नाही.

चित्रकार आले तेव्हा चर्चेला वेगळं वळण मिळालं. त्यांनी मूळ चित्र मागवलं आणि गृहिणीच्या तोंडावर बोट ठेवलं. तिचं तोंड उघडं होतं. यजमानाचा चेहरा वर्तमानपत्रामागे, पाहुण्याचे ओठ मिटलेले. हास्यचित्रात बोलणाऱ्याचंच तोंड उघडं काढतात, हा चित्रकाराचा वाचकाला दिलेला इशारा असतो. त्यांनी तो मुद्दाम दिला होता. परीक्षक म्हणून बाईंची ओळ त्यांना आवडली ती त्यामुळेच. आलेल्या कार्डांत इशारा ओळखणारी ती एकच होती, असं त्यांना वाटलं होतं. कारकुनांची ओळ गृहिणीच्या तोंडी चालते, पण ती तिचीच आहे असं त्या ओळीतून ठरत नाही.

मग ते सहज म्हणाले, “दोन्ही एकत्र करा की. ‘भाऊजी, थांबा ना, बाहेर पाऊस आहे!’ यात सगळं आलं.”

खोली शांत झाली. ती ओळ खरोखर सगळ्यांत चांगली होती. वहिनी आली, छोटेपणा राहिला, लय सुधारली. मला वाटलं अण्णा आता हीच छापणार, आणि मला ते हवंही होतं. अण्णांनी डोकं हलवलं. ही ओळ कोणीच पाठवलेली नाही, म्हणाले. फर्म्याच्या रात्री जे केलं तेच पुन्हा, या वेळी आणखी चांगल्या हाताने. चित्रकारांनाही ते पटलं आणि त्यांनी विषय सोडला. या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय मला अजूनही हाच वाटतो. वाईट ओळ नाकारायला काही लागत नाही. त्या दिवशी नाकारायची होती ती सर्वांत चांगली ओळ होती.

काय केलं

एप्रिलच्या अंकात, जिथे निकाल छापला होता त्याच पानावर, चित्र पुन्हा छापलं. या वेळी दोन कॉलमांत. खाली बाईंची एकवीस शब्दांची ओळ, स्वल्पविरामांसकट. तिच्याखाली कारकुनांची पाच शब्दांची. दोन्ही ओळींपुढे आपापलं नाव आणि गाव. शेजारी अण्णांच्या सहीचं निवेदन: परीक्षकांनी बाईंची ओळ निवडली होती, जागेसाठी ती संपादकांनी न विचारता छाटली, छाटलेली ओळ दुसऱ्या स्पर्धकाने आधीच पाठवली होती आणि आमच्या प्राथमिक निवडीत ती मागे पडली, म्हणून दोघांनाही पहिलं बक्षीस पूर्ण देत आहोत. दुसऱ्या बक्षिसाचे एकशे एक रुपये अण्णांनी स्वतःच्या खिशातून भरले.

निवेदनाच्या मसुद्यात मी ‘तांत्रिक कारणामुळे’ असा शब्दप्रयोग केला होता. अण्णांनी तो खोडून ‘आमच्या चुकीमुळे’ लिहिलं. दोघांना वेगळी पत्रंही गेली. कारकुनांच्या पत्रासोबत त्यांचं मूळ कार्ड परत पाठवलं, घरी दाखवायला.

परिणाम

बाईंचं उत्तर आलं. ओळ पूर्ण छापल्याचं समाधान होतं. आता मुलांना फळ्यावर दोन्ही ओळी लिहून दाखवते आणि वहिनी कुठल्या ओळीत बोलते ते विचारते, असं त्यांनी कळवलं होतं. बक्षिसाबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. कारकुनांनी उत्तर पाठवलं नाही. पुढच्या वर्षी त्यांचं स्पर्धेचं कार्ड आलं, तेवढंच.

सगळं इतकं सुरळीत मिटलं नाही. निवेदन वाचून आणखी तिघांनी लिहिलं की अशीच ओळ आपणही पाठवली होती. आम्ही गठ्ठा पुन्हा उलटला. दोघांच्या ओळी जवळपास तशाच होत्या: एकात ‘ना’ नव्हता, एकात ‘पाऊस आहे बाहेर’ असा क्रम होता. तिसऱ्याचं कार्ड मिळालं नाही. ते पोचलंच नसेल, किंवा माझ्या हातून चुकीच्या गठ्ठ्यात गेलं असेल. दोघांची नावं आम्ही मे महिन्याच्या अंकात बारीक टायपात दिली, तिसऱ्यांना दिलगिरीचं पत्र पाठवलं. त्यांचं समाधान झालं नाही आणि त्यांनी वर्गणी बंद केली. ‘पाऊस आहे बाहेर’ ही तीच ओळ की वेगळी, यावर अण्णा आणि चित्रकार यांच्यात जी जुंपली ती अंक छापून झाल्यावरही चालू होती. चित्रकारांच्या मते ‘बाहेर’ शेवटी गेलं की हसू पाऊलभर उशिरा येतं, आणि एकदा उशिरा आलेलं हसू पुरेसं मोठं नसतं.

पुढच्या दिवाळी अंकात नियम सातावर गेले. ओळ बारा शब्दांपर्यंत. ओळ जशी येईल तशीच छापली जाईल, बदल हवा असल्यास स्पर्धकाची लेखी परवानगी घेतली जाईल. हुबेहूब सारख्या ओळी आल्यास सर्वांची नावं छापली जातील आणि बक्षीस सोडतीने दिलं जाईल. ‘संपादकांचा निर्णय अंतिम राहील’ हा नियम कायम राहिला, फक्त त्यात ‘संपादकांचा’ऐवजी ‘परीक्षकांचा’ झाला.

आज तेच चित्र समोर आलं तर

चाळणी मी आजही कल्पनेप्रमाणेच करीन. शेकडो कार्डांना दुसरा इलाज नाही. पण गठ्ठ्यातून एकच कार्ड वर काढणार नाही. विनोदात ‘तीच कल्पना’ म्हणजे ‘तीच ओळ’ नव्हे, हे तेव्हा मला माहीत असायला हवं होतं. घरी एकच किस्सा काका सांगतात तेव्हा सगळे हसतात आणि मामा सांगतात तेव्हा कोणी हसत नाही, हे लहानपणापासून बघत होते. प्रत्येक गठ्ठ्यातली सर्वांत छोटी, सर्वांत लांब आणि सर्वांत विचित्र अशी तीन कार्डं तरी परीक्षकांपुढे गेली पाहिजेत.

‘न्यू यॉर्कर’ २००५ पासून दर आठवड्याला अशी स्पर्धा घेतं. दर वेळी हजारो ओळी येतात, त्यांतून तीन निवडून वाचकांच्या मतांवर सोडतात. चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट शंभराहून अधिक वेळा ओळी पाठवत राहिले तेव्हा कुठे २०११ मध्ये जिंकले. त्या साप्ताहिकाचे तेव्हाचे व्यंगचित्र संपादक बॉब मॅन्कॉफ यांच्यासोबत संगणक संशोधकांनी २०१५ मध्ये या ओळींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनीही एकाच कल्पनेच्या ओळींचे गट केले, पण ते त्याच गटातल्या ओळी एकमेकींशी ताडून बघण्यासाठी. कल्पना तीच असताना कोणती मांडणी जास्त हसवते, हा त्यांचा प्रश्न होता. ते वाचलं तेव्हा मला माळ्यावरचा आमचा गठ्ठा आठवला. त्यांनी सुतळी सोडून काम सुरू केलं होतं, मी बांधून संपवलं होतं.

छाटणीबद्दल माझं मत अण्णांपेक्षा थोडं वेगळं झालं आहे. न विचारता ओळीला हात लावायचाच नाही, हा त्यांनी केलेला नियम सुरक्षित आहे, पण त्याने काही चांगल्या ओळी एका फालतू ‘अहो’पायी मागे राहतात. मी परीक्षकांना दोन प्रश्न आधी लिहून द्यायला सांगेन: या ओळीत कोण बोलतंय, आणि कोणाशी? छाटल्यावर उत्तर बदललं तर ती छाटणी नाही, दुसरी ओळ आहे. बाईंच्या ओळीत उत्तर होतं वहिनी, दिराशी. आमच्या ओळीत उत्तर होतं कोणीतरी, कोणाशी तरी. फर्म्याच्या रात्री हे दोन प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागला असता.

चित्रकाराला परीक्षक मंडळात ठेवावं का, यावर मी अजून ठरवू शकलेले नाही. त्यांनी उघड्या तोंडाचा इशारा आधीच सांगितला असता तर मी कार्डं वेगळी लावली असती. पण मग वाचकाला चित्रात काय दिसलं याऐवजी चित्रकाराला काय दाखवायचं होतं तेच आम्ही शोधत बसलो असतो, आणि मांजराच्या तोंडी ओळ देणाऱ्या मुलांची कार्डं पहिल्याच दिवशी बाद झाली असती. त्यांतली एक ओळ उत्तेजनार्थ बक्षिसाला आली होती. ती लिहिणारी मुलगी चौथीत होती.

आणि कार्डं. निकालानंतर ती किती दिवस ठेवायची हे आम्ही कधीच ठरवलं नव्हतं. रद्दीवाला त्या महिन्यात गावाला गेला होता, त्याच्या मुलीचं लग्न होतं. तो वेळेवर आला असता तर कारकुनांच्या पत्राला आम्ही सभ्य भाषेत नकार कळवला असता, आणि त्यांच्या घरच्यांनी पुढे काय मानलं असतं ते आम्हाला कधी कळलं नसतं. त्या वर्षापासून खोक्यांवर तारीख घालून ती पुढची दिवाळी येईपर्यंत माळ्यावर राहू लागली.